ताप येईल

पाटगावच्या वर, जिथं एस.टी. वळत नाही,
तिथं सात घरांचा धनगरवाडा.
खांद्याला निळा डबा, आत बर्फाच्या चार विटा,
आणि वाटेत ताजं शेण. गव्याचं की म्हशीचं,
हे आशाताई शेवंताला वासावरून कळतं,
मला अजून नाही.

जानू येडगे दारात दावं वळत बसलेला.
उठला नाही. पाणी मात्र आलं तांब्याभर.
आधी पाणी, मग नकार,
इथली रीत आहे.

"न्हाई टोचायचं."
एवढंच. दाव्याचा पीळ सुटू न देता.

मी चित्रांचा कागद उलगडला:
डांग्या खोकला, धनुर्वात, घटसर्प...
घटसर्प म्हणताच त्यानं मान वर केली.
"त्यो म्हशीला हुतोय."
माणसालाही होतो, दादा. नाव एक, रोग वेगळा.

गोठ्यात अकरा म्हशी,
अकरांच्या कानात पिवळे बिल्ले.
"पावसाआदी डॉक्टर आलता. समद्या टोचून घेतल्या.
एक बी सोडली न्हाई."
शेवंतानं माझ्याकडं पाहिलं.
माझ्याही ओठांवर तेच आलं होतं:
म्हशीला चालतं, नि पोरीला नाही?
गिळलं ते बरं झालं.

"त्यो म्हणाला, दोन दिस दूध तुटंल,
मानंवर गाठ उठंल, भिऊ नगोस.
तसंच झालं.
तू थोरल्याच्या वक्ताला काय म्हणालीस?"

तीन वर्षं झाली. मला आठवेना,
आठवायची गरजही नव्हती.
मी सगळीकडं तेच म्हणते:
काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं.

"रातभर पोरगं तापलं. पाय हालवंना.
भाईर पाऊस, वाट व्हाळानं नेलेली.
भागी त्याला पोटाशी धरून चुलीम्होरं,
आन् मी बॅटरी घिऊन दारात,
कुणाची वाट बघत, माझं मलाच ठावं न्हाई.
सकाळच्याला उतरला ताप.
खरं आमी त्या राती मेलो हुतो, बाई."

डब्यातला बर्फ वितळताना आवाज करत नाही.
"चुकले," मी म्हणाले.
सव्वीस वर्षं रजिस्टरं भरतेय,
या शब्दाला कुठं रकाना नाही.

मग म्हशींच्या डॉक्टरासारखी बोलले:
आज रात्री ताप येईल.
मांडी सुजेल, गाठ येईल, ती रडेल.
ही बाटली. एवढं द्यायचं, या खुणेपर्यंत.
उद्या संध्याकाळपर्यंत उतरेल.
नाही उतरला तर हा माझा नंबर,
मी चढून येईन.
"रातीचं?"
रातीचं.
"गवं असत्यात."
शेवंता आहे की.

त्यानं दावं खाली ठेवलं.
हो म्हणाला नाही. भागीकडं पाहिलं.
आणि तिनं,
जिला मी अजून एक शब्द विचारला नव्हता,
दीड महिन्याच्या लेकीच्या डाव्या मांडीवरनं
दुपटं बाजूला केलं.

त्या रात्री क्वार्टरमध्ये फोन उशाशी.
अडीचला वाजला. वारा, आणि वाऱ्यामागं रडणं.
जांभळीखाली, रेंज मिळते तिथं,
तो उभा असणार.
"आलाय ताप," जानू म्हणाला,
"तू म्हणालीस तसाच."