स्मरणिकेसाठी अर्धं पान

ट्रस्टी म्हणाले, इतिहास हवा, पण अर्धंच पान,
बाकी जागा जाहिरातींना गेली:
सोनोग्राफी, पेठेतला सराफ, कुणाची तरी बासुंदी.
मी रेकॉर्डला, कंत्राटी. चावी माझ्याकडे,
म्हणून इतिहासही माझ्याकडे.

दारातली संगमरवरी पाटी सांगलीत सगळ्यांना पाठ आहे.
शंभर रुपयांच्या खालचं नाव तिच्यावर नाही.
सगळ्यात वर शिवलिंगाप्पा मगदूम, हळदीचे अडते,
यांनी दवाखान्यास गोदाम दिले.
गोदाम तेव्हा रिकामंच होतं,
प्लेगनं बाजार उठला होता.
हे पाटीवर नाही. स्मरणिकेतही नको, म्हणाले.

दानवही लाल फडक्यात, खालच्या फळीवर,
एक कोपरा वाळवीनं आधीच वाचून टाकलेला.
सगळी मोडीत. हरिपूरच्या निवृत्त मास्तरांकडून
लावून घेतली, चहा आणि भडंगाच्या दोन पुड्यांवर.
ते वाचत गेले, मी उतरवत गेलो.

हुसेनसाब तंबोरेवाले, मिरज, भोपळे नग सात.
सुरास नापास, पाण्यास चालतील.

भागू परटीण, चादरी धुणे, मजुरी माफ, सोडा दवाखान्याचा.
(कितीही आपटल्या तरी पिवळ्याच. भिंतीच हळद प्यायलेल्या.
नवा रोगी दचके म्हणे, हे लग्नघर की काय.)

तुका न्हावी, दर मंगळवारी, तापकऱ्यांची डोकी.

समुद्रापारची पेटी एक, पट्ट्यांची,
कुठल्याशा अमेरिकन शहरातल्या बायांनी शिवलेल्या.
आत चिठ्ठी. कचेरीतल्या कारकुनानं अर्थ सांगितला तो असा:
आमच्याकडेही गोरगरिबांच्या खाटा अशाच जमवल्या,
पहिली खाट एका कोचवानाच्या विधवेची, तिची स्वतःची,
ती त्या रात्रीपासून जमिनीवर निजली.
खाली दवाखान्याच्या कारकुनाचा शेरा: पट्ट्या पोचल्या.

आणि मग निंगव्वा हणबर.
जोंधळा, एक मूठ, रोज.
पुढं नुसत्या दांड्या, उभ्या, बारीक, दिवसाला एक.
आमच्या हजेरीपटात दांडी म्हणजे माणूस आलं नाही.
इथं दांडी म्हणजे आली होती.
चैत्रापासून आली. आषाढात नदी घाटावर चढली तरी आली.
मगदूमांचं दान एका ओळीत संपतं,
हिला अकरा पानं लागली, महिन्याला एक,
आणि माघ वद्य सप्तमीला ती थांबली.

मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले.
दिवे लागले, म्हणाले, उद्या बघू.

मी त्याच रात्री दुसरी वही काढली,
आजारी आवक. ही बाळबोधीत आहे.
माघ वद्य अष्टमी. खाट चार. निंगव्वा.
ताप, काखेत गाठ.
आहार: जोंधळ्याची पेज.
निकालाचा रकाना कोरा.
कोरा म्हणजे काय ते मला माहीत नाही.
वरखालच्या दोन्ही रकान्यांत लिहिलेलं आहे,
एकात 'बरा', एकात नुसता 'घाट'.

परत दानवहीत आलो.
फाल्गुन मोकळा. चैत्र, वैशाख मोकळे.
ज्येष्ठात, पानाच्या अगदी काठाला, एक दांडी.
नाव नाही. शाई फिकी.
तिची असेल, सुनेची असेल,
किंवा डास मारताना कारकुनाचा टाक घसरला असेल.
बॅटरीच्या उजेडात मी ती कितीतरी वेळ पाहिली.

अर्धं पान लिहून दिलं.
'दानशूर कै. मगदूम यांच्या औदार्यातून' वगैरे, सांगितलं तसं.
शेवटी, पूर्णविरामानंतर, एक उभी रेघ ओढली.

प्रेसमधून फोन आला,
साहेब, खाली ही दांडी कसली? काढून टाकू?
म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, उगाच जागा खाते हो.
म्हटलं, खाऊ दे.