पोहत यायचं अंतर

भिंतीत चुना नाही, माती नाही.
काळा दगड काळ्या दगडावर नुसता टेकलेला,
शेकडो वर्षं,
एका घरातली माणसं टेकतात तसा, तक्रारीसकट.

हाउनानी म्हणते, हात लावू नका.
मग स्वतःच लावते, तळवा पसरून,
ताप बघावा तसा.

पूर्वी, ती सांगते,
सरदाराच्या सावलीवर पाय पडला तरी मरण.
बाईनं केळं खाल्लं तरी मरण.
(ती हसते. तिच्या पिशवीत दोन केळी आहेत.)
मग पळायचं. रस्त्यावर भालेवाले,
म्हणून समुद्रातून.
एकदा इथल्या खडकाला हात लागला
की पुजारी मंत्र म्हणायचा
आणि माणूस मोकळा, घरी जायला.
"आणि मागे लागलेले?"
"तेही घरी."

लाकडी देव दात विचकून पाण्याकडे बघतात.
मी म्हटलं, रागावलेत.
ती म्हणाली, छे, वाट बघतायत.

दुपारी भाड्याचा चष्मा घेऊन
शेजारच्या खाडीत उतरते.
लाव्हानंच सोडलेल्या दोन पायऱ्या,
तिसरी पायरी पाणी.
तिचा नातू कानालू, वय नऊ, मला शिकवतो:
काचेवर आधी थुंकायचं, मग विसळायचं,
नाहीतर धुकं येतं.
आणि त्या काळ्या काटेगोळ्यांवर हात टेकायचा नाही,
रडाल.

खाली आधी माझाच श्वास,
नळीतून, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा.
मग पिवळे मासे.
हळदीचा डबा लवंडावा
आणि सगळ्या हळदीनं ठरवून एकदम डावीकडे वळावं.
पोपटमासा प्रवाळ कुरतडतो,
ऐकू येतं, फुटाणे खाल्ल्यासारखं.
एक कासव वर जातं, श्वास घेतं, उतरतं,
मला ओलांडून,
जशी मी फर्निचर.

मान वर काढते.
इथून भिंत दिसते, बोटभर.
नकळत हिशेब सुरू होतो:
किती वेळ लागला असता,
मागे होड्या, तोंडात मीठ,
मांडीत गोळा आलेला?
पळून यावं असं मी काही केलेलं नाही.
म्हणजे, केलंय.
पण त्याच्यामागे भालेवाले नाहीत.

काठावर हाउनानी टॉवेल घेऊन उभी.
कानालूचे केस पुसता पुसता,
माझ्याकडे न बघता, सांगते:
याचा बाप ॲरिझोनात असतो. तुरुंगात.
इकडे जागा नव्हती म्हणाले,
विमानात बसवून नेला.
सातातली चार झाली.
सगळं वाळवंट आहे म्हणे.
फोनवर एवढंच विचारतो,
आज पाणी कसं होतं?

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
पायातलं रबर निघेना.

ती केळं सोलते. अर्धं मला देते.
"तिकडून," ती म्हणते,
"पोहत कसं येणार माणूस?"

कानालू हातातून निसटतो,
दोन पायऱ्या,
आणि नाहीसा.
हाउनानी मोजायला लागते,
रोजची सवय असावी.
तिच्या भाषेतला पहिला आकडा:
एकाही.
मला क्षणभर मराठीच ऐकू येतं,
कानात पाणी असेल,
एकाही... आणि मी पुढच्या शब्दांची वाट बघते,
एकाही माणसाला, एकाही लेकराला,
पण ते वाक्य तिचं नाही.

एलुआ, ती म्हणते.
एकोलु.
पाणी अजून सपाट आहे.