बेतूलला निळा संपत नाही

येताना निळ्याच्या अकरा ट्यूबा घेतल्या.
इचलकरंजीच्या दुकानदाराने विचारलं, बाई, एवढा निळा?
म्हटलं, समुद्राशेजारी राहायला चाललेय.
त्याने मान डोलावली आणि
पाच टक्के सूट दिली.

एकतीस वर्षं सातवी ब कडून
तेच काढून घेतलं,
दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी,
आणि प्रत्येकीच्या नदीत शिडाची होडी
पाण्याला कुठेच न टेकलेली.
त्यालाही दहापैकी सात दिले.

आता साळ नदीच्या मुखाशी घर,
एस्पेरांसबायचं, अकरा महिन्यांच्या कराराने.
खिडक्यांना काच नाही, शिंपांच्या चकत्या.
उजेड आत येतो तो ताकासारखा,
पातळ, जरा आंबूस,
आणि कशाचीच सावली धड पडत नाही.

जुलैभर काही जमलं नाही.
कागद पापडासारखा फुगायचा.
ब्रशांच्या मुठींवर पांढरी लव.
आठ दिवसांनी कॅनव्हासला बोट लावलं
तर ठसा उमटला, तोच काय तो नवा.
एस्पेरांस म्हणाली, हांगा मीठ लेगीत सुकें उरना.

अकरा निळ्यांच्या अकरा पट्ट्या रंगवून
मी त्या खिडकीबाहेर धरायचे.
समुद्र एकालाही ओळख देईना.
सकाळी तो पत्र्याचा,
दुपारी गढूळ, साखर जास्त पडलेल्या चहासारखा,
सांजेला बांगड्याच्या पाठीचा, पण तेही
दोन-चार मिनिटं, मी चष्मा पुसेपर्यंत.
निळा सापडला तो अंगणात,
उन्हाळ्यात खाल्लेल्या शिनाण्यांच्या ढिगात,
शिंपल्याच्या आतल्या कडेला
दोऱ्याएवढा.

मग ऑगस्टच्या शेवटी इनास आला.
दारातूनच म्हणाला, पेंटर गे तूं?
मला आजवर कुणी पेंटर म्हटलं नव्हतं,
ड्रॉइंगच्या बाई म्हणत.
मी हो म्हणाले. थोडं उशिराने.

होडीवर नाव घालायचं होतं. ग्लेनिशा.
मुलगी. स्विंडनला असते,
रात्रपाळीत डब्यांमध्ये सँडविचं भरते.
अक्षरं रोमन हवीत, म्हणाला,
फोटो पाठवायचाय,
आणि जमलं तर सगळी होडीच रंगव.

मी माझे निळे त्याच्यासमोर मांडले
चांदीचे दागिने मांडावेत तसे.
त्याने एकालाही हात लावला नाही.
निळो नाका, बाय.
व्हडें उमथें पडल्यार कोणाक दिसचें ना.

उलटी झाली तर.
पोट वर करून लाटांत पडली
आणि कुणी वरून, दुरून, शोधत असलं तर.
एवढंच बोलून तो बिडी पेटवायला वळला.
कोणाची होडी, कोणत्या साली,
हे मी विचारलं नाही.

कुंकळ्ळीहून चार लिटर केशरी आणला.
तीन दिवस वाळूत पाठ टेकून
होडीच्या पोटाखाली निजले होते.
रंग मनगटावरून कोपरात, कोपरातून पदरात,
चष्म्यावर दोन थेंब, ते अजून आहेत.
कुठे हात जड पडला,
कुठे जुन्या डांबराने रंग धरला नाही,
तिथे तीनदा दिला.
सातवी ब ला मी कधी सांगितलं नव्हतं
की खालची बाजूही रंगवायची असते.

घरी आल्यावर दिवा न लावता
कॅनव्हासवर तेवढंच काढलं, एक पोट.
समुद्र काढला नाही.
कापड तिथे कोरंच आहे, दमट,
कडेने बुरशी चढतेय, चढू दे.

ट्यूबा अकराच्या अकरा बिस्किटांच्या डब्यात.
एस्पेरांसने एक मागितलीय, खुराड्याच्या फाटकासाठी.

पहाटे मी जेटीवर जाते.
ग्लेनिशा निघते, अक्षरं डुलतात,
एन जरासा तिरका आलाय.
बाकी माझं सगळं काम पाण्याखाली.
ती परत येईपर्यंत मी बघत बसते
आणि मला ते दिसत नाही,
आणि मी घरी येऊन चहा ठेवते.