पर्यायी शब्द

एकोणीस वर्षं मी बॅटन रूजच्या सरकारी कचेरीत
अहवाल साफ करायचे.
साफ म्हणजे काय, तर
शास्त्रज्ञ लिहायचे, ‘समुद्र वर येतो आहे’
आणि मी तिथं घालायचे, ‘भरतीचा तात्पुरता उपद्रव’.
‘तापमानवाढ’ दिसली की ‘लांबलेला उन्हाळा’.
पर्यायी शब्दांची यादी चौथ्या मजल्यावरून यायची,
सही नसलेली,
कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग.

नोकरी वाईट नव्हती.
दुपारी दोनला टेबलावर ऊन यायचं,
पेन्शन होती, दातांचा विमा होता.
सिनेटर साहेब नाताळला प्रत्येकीला
पेकनच्या वड्यांचा डबा पाठवायचे,
वर नाव, एकही अक्षर न चुकता: युलाली फाल्गू.
माझं नाव इतकं नीट लिहिणारा माणूस
खोटं बोलत असेल असं मला वाटलं नाही.
खरं सांगायचं तर
वाटलं नाही, असंही नाही.

माझा भाऊ ऑव्हिड खाली दक्षिणेला, बायू क्लेरला,
कोळंबी धरायचा. दर रविवारी फोन.
‘यूला, आज शाळेची बस अर्ध्या वाटेतून वळली.
रस्त्यावर खारं पाणी,
आणि वारा नाही, पाऊस नाही, काही नाही.’
‘उपद्रव आहे,’ मी म्हणायचे, ‘तात्पुरता.’
जीभ सवयीनं वळायची.
तो गप्प. मागे त्याचा जुना फ्रीज घरघरत राहायचा.
मग म्हणायचा,
‘कुठंतरी पाणी मुरतंय गं.’

आईच्या थडग्याला आम्ही साखळी बांधली त्या वर्षी
सिनेटर साहेब सभागृहात म्हणाले,
‘माझे आजोबा याच किनाऱ्यावर पोहायचे.
पाणी तेव्हाही होतं!’
इतिवृत्त माझ्याकडंच होतं.
मी टाइप केलं: हशा.
पुढच्या ओळीत: टाळ्या.

विमा कंपनी मात्र हसली नाही.
तिला निवडणूक लढवायची नव्हती.
तिचं पत्र दोन परिच्छेदांचं, स्वच्छ कागदावर:
पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही,
सोबत नकाशा जोडला आहे.
नकाशा मी ओळखला.
आमच्याच अहवालातला, पान एकतीस,
साफ होण्याआधीचा.
मी खोडलेलं प्रत्येक वाक्य
त्यांनी रोख मोजून विकत घेतलं होतं,
आणि जपून ठेवलं होतं.

मग विमा नाही म्हणून बँक नाही,
बँक नाही म्हणून गिऱ्हाईक नाही.
बर्फाचा कारखाना गेला, तो आदल्या उन्हाळ्यातच.
घरांच्या किमती पडल्या तसा कर आटला,
आणि ज्या शाळेची बस वळत होती
ती शाळाच एका शुक्रवारी वळली.
ऑव्हिडची बोट तिच्या इंजिनाच्या भावात गेली.
घरावर त्यानं पाणी सोडलं,
म्हणजे पाणी आधीच आलेलं होतं,
त्यानं फक्त सोडलं.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात बसलाय,
चष्मा कपाळावर, पुढ्यात मदतीचा अर्ज.
‘नुकसानीचं कारण,’ तो वाचतो.
‘वादळ. आग. चोरी. इतर.
यूला, आमचं यात नाहीच की.’
मी भांडी विसळत राहते.
तो रकाना माझ्या हातचा आहे,
पाचवा पर्याय मी काढला होता
मे महिन्यात, एका मंगळवारी,
आणि त्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता,
लिंबाचा. मी दोन तुकडे खाल्ले.

‘इतर कर,’ मी म्हणते.
तो खूण करतो. पुढे एक छोटी रेघ, तपशिलासाठी,
एका वाक्याची जागा, तीही आखडती.
बराच वेळ पेन हलत नाही.
नळ बंद करून मी हात पुसते,
त्याच्या खांद्यावरून वाकून बघते.

जाळं विणणाऱ्या त्या जाड बोटांनी
त्यानं सावकाश लिहिलंय:
माझ्या बहिणीला विचारा.