एक्केचाळीस

श्रॉपशरमधला हा किल्ला. छप्पर नाही,
तिकीट मात्र सात पौंड.
खिडकीत एनिड प्यू, गुडघ्यांवर घोंगडी.

लोक विचारतात टॉयलेट कुठंय,
केक आजचाच ना?
एखादंच पोर: इथं माणसं मारायचे?
"हो तर," ती म्हणते, "सोमवार सोडून."

आज आत एक्केचाळीस,
बाहेर चाळीस.
टॉर्च घेऊन ती गोल जिना चढली,
बाण सोडायच्या फटीतून वाकून पाहिलं.
खंदकात मेंढ्या.
भिंतीत अर्ध्यावर लटकलेली, कुणाचीच नसलेली शेकोटी.

वही मिटताना आठवलं,
सकाळी कुलूप काढून
पहिलं पाऊल कुणाचं पडलं ते.

तिनं स्वतःला वजा केलं.
हिशोब जुळला,
आणि का कोण जाणे,
ती जरा हिरमुसलीच.
पाच-वीसची बस केव्हाच गेली होती.