बिजागरी

आरामनगरच्या त्या तळघरात रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद.
एसीला श्वास असतो, माइकला तो ऐकू जातो.
पडद्यावर एक दार. लोटलेलं.
अलीकडे बाई. पलीकडे काय, ते पटकथेत पान सत्तरवर.

दार किती वेळात उघडतं? विश्राम रेडकरांनी विचारलं.
चार सेकंदांत, मी म्हटलं, शूट तेवढंच झालंय.
रुमाना परकार, आमची दिग्दर्शिका, तिसऱ्या चहावर होती.
म्हणाली, अकरा कर.

अकरा सेकंद म्हणजे किती, ते एडिटरला विचारा.
तेवढ्यात माणूस आपली जुनी पापं मोजून
पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो.
मी बाईचे डोळे ताणले,
कडीवरचं बोट दोनदा वापरलं,
मधे भिंतीवरची एक पाल घातली
जिचा या खुनाशी काही संबंध नव्हता.
(चुकचुकू दिली नाही. लोक हसले असते.)

तरी भीती येईना.

काका म्हणाले, आधी पंखा काढ.
कुठला पंखा?
सीन सुरू झाल्यापासून फिरतोय, म्हणून तुला ऐकू येत नाही.
तो हळूच ने. मग कावळे ने. मग लांबची रिक्षा.
मग शेजारच्या घरातला कुकर,
दोन शिट्ट्या होऊ दे, आणि थांब.
दोन झाल्या की अख्खी मुंबई तिसरीची वाट बघते.

वय बासष्ट. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
पायात नायिकेच्या सँडल, टाचा बाहेर आलेल्या.
लादीच्या तुकड्यावर जागच्या जागी चालत राहायचे
आणि पडद्यावर तेवीस वर्षांची पोरगी जिना चढायची.
भेंडी मोडली की बोट मोडतं.
पिस्तुलाचा घोडा म्हणजे सासऱ्यांचा अडकित्ता.
शरीर पडतं तेव्हा ओलं फडकं, लादीवर,
पण अलगद सोडायचं. आपटलं तर खोटं वाटतं.

दारासाठी त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला.
रुमालात गुंडाळलेली बिजागरी,
तिला अजून चिकटलेली हिरव्या ऑइलपेंटची लाकडाची चीप.
काळाचौकीची खोली पाडायच्या आदल्या दिवशी
स्वतः उपटून आणलेली.

तेल नाही लावलंत कधी?
बायको रोज म्हणायची. मीच लावू द्यायचो नाही.
थोडा वेळ तिला तळहातावर उघडत मिटत बसले.
नीलाक्षी रात्रपाळीहून यायची. दोन, कधी अडीच.
आम्ही झोपलेले, म्हणजे नुसते डोळे मिटून.
ही वाजली की कुशीवर वळायचो.
मग झोप.

आता? असं मी विचारणार होतो.
त्यांनी हेडफोन चढवला. लाल दिवा लागला.

एकाच टेकमध्ये दिलं.
सातव्या सेकंदाला ती थांबली, कुणी सांगितलं नव्हतं.
आत कुणी जागं आहे का ते पाहत असल्यासारखी.
मग पुन्हा, बारीक, शेवटपर्यंत.
रुमानाचा चहा निवला.

शुक्रवारी माटुंग्याच्या थेटरात मी पडद्याकडे पाठ करून उभा होतो.
आमचं काम समोर बसतं, पडद्यावर नाही.
पंखा गेला, कुणाला कळलं नाही.
कावळे गेले.
एक शिट्टी. दोन.
एका हाताची मूठ पॉपकॉर्नमध्येच राहिली,
समोसेवाला ट्रे घेऊन पायरीवर थबकला,
कुणा बाईने शेजारच्या अनोळखी माणसाची बाही धरली.
दार वाजलं.
तीनशे छात्यांत हवा अडकली.

चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर विश्रामकाका
डोळे मिटून बसले होते.
सातवा सेकंद. थांबलं. पुन्हा.
त्यांनी श्वास सोडला
आणि खुर्चीतल्या खुर्चीत
कुशीवर वळले.

दारापलीकडे कोण होतं, ते त्या तीनशे जणांना
पुढच्या मिनिटाला कळलं.
मला अजून नाही.