चौथं मिनिट

शनिवारी रात्री दहाला रेडिओवर गेम यायचा.
गाणं नव्हे, बातम्या नव्हेत. गेम.
निवेदक म्हणायचा, टेप तयार ठेवा, मंडळी,
आणि मग पाच मिनिटं अख्खं झ्रेन्यानिन
तापल्या कढईत पडल्यासारखं चरचरायचं.
खालच्या मजल्यावरचे म्हातारे मिलुटिन
नेमके तेव्हाच हवामान शोधत असायचे,
रेडिओच्या पाठीत दणके घालत.

आमच्याकडे रेडिओ होता, टेपरेकॉर्डर होता,
दोघांना जोडणारी वायर नव्हती.
म्हणून एकाच्या तोंडाशी दुसऱ्याचा कान लावून
मी स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलो होतो.

चौथ्या मिनिटाला रुझित्सा आत आली.
"मीठ कुठं ठेवलंस?"

तो गेम कधी चालला नाही.
मामानं म्युनिकहून पावाच्या पिशवीत लपवून आणलेला स्पेक्ट्रम,
टीव्हीच्या कडेनं निळेपिवळे पट्टे
चौथ्या मिनिटापर्यंत इमानदारीत पळायचे,
मग थबकायचे, आणि खाली एक ओळ:
टेप वाचता आली नाही.
वर्गात सगळ्यांकडे चालला.
मी बहिणीशी दोन महिने अबोला धरला.
तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आता माझ्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात
तो स्पेक्ट्रम भाडेकरूसारखा राहतो.
त्याला अजून वाटतं, आपल्याला रबरी बटणं आहेत,
समोर टीव्ही आहे, बाहेर तोच देश आहे.
मी त्याचा गैरसमज दूर करत नाही.
टेप डोळ्याच्या पापणीआड गिळायची सोय आहे त्यात,
ती मी बंद केली.
पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं.
चौथ्या मिनिटाला पट्टे थबकले.
एमुलेटर एवढा सच्चा
की आपली जुनी चूकही बिनचूक करून दाखवतो.

मग कॅसेटचा आवाज पडद्यावर पसरला:
आखूड लाट म्हणजे शून्य, लांब लाट म्हणजे एक,
दातांसारख्या ओळीनं बसलेल्या,
आणि मध्येच सव्वा सेकंद
एक मुलगी, सोळा वर्षांची, मीठ मागणारी.
तिच्याखाली दोनशेच्या वर बाइट गाडले गेले होते.
नखानं रंग खरवडावा तसे
एकेक उकरून काढले. सात रात्री.
बहुतेक जिवंत निघाले.
सतरा मेलेले.

त्यातले आठ म्हणजे कुणाचा तरी उजवा पाय,
डाव्या पायाकडे बघून काढला.
बाकीचे नऊ? अंदाज. मग दुसरा अंदाज.
शेवटी टेपच्या टोकाशी असलेली बेरीज जुळली.
यंत्राला तेवढंच हवं असतं. ते काही विचारत नाही.

पट्टे शेवटपर्यंत पळाले.
पडदा काळा झाला, आणि बाजार उघडला:
एक टोपीवाला, चार शिड्या, सहा बदकं.
बदकं पकडायची.
बस्स. यासाठी अडतीस वर्षं.
टोपीवाला धावतो, वळतो,
आणि डावीकडे जाताना जरासा लंगडतो.
बेरीज बरोबर आहे, मी तीनदा तपासली.
पाय चुकलाय.

लिंत्सला फोन लावला. रुझित्सा नाइट ड्यूटीला निघाली होती,
दातात किल्ल्या धरून बोलत होती.
तिला तिचाच आवाज ऐकवला.
गप्प. मग म्हणाली, "हा कुणाचा कार्टा?"
"तू."
"मी? अशी ओरडायचे मी?"
आणि हसत सुटली, किल्ल्या पडल्या,
तो आवाजही आला.
मग दारातून, घाईत:
"मग? कुठं होतं मीठ?"

मला आठवेना.
आईच्या त्या स्वयंपाकघरातलं सगळं आठवतं,
तेलकट घड्याळ, फ्रीजवर रेडिओ,
खिडकीशी सुकायला उलटी घातलेली बरणी.
मीठ नाही.

दोन फाइली ठेवल्यात.
एकीत बाजार. दुसरीत सव्वा सेकंद.
पाय दुरुस्त करता येईल, एखादा बाइट इकडचा तिकडे.
करेन कधीतरी.
सध्या तो लंगडतच धावतो,
पाचवं बदक मिळतं.
सहावं शिडी चढून जातं.